त्वचेच्या गाठीत ‘एचपीव्ही’ सापडला : याचा अर्थ काय, आणि काय नाही

अंगावरची जुनी चामखीळ, न भरणारी जखम किंवा वाढत चाललेली गाठ डॉक्टर कापून काढतात आणि तपासायला पाठवतात. काही दिवसांनी रिपोर्ट हातात येतो. त्यात कधी कधी एक ओळ असते : ‘एचपीव्ही डीएनए आढळला’. मग घरातला कुणीतरी मोबाइलवर हा शब्द शोधतो. समोर येतं ते गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आणि लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू. इथून पुढे घरात जे घडतं, त्याचा त्रास कधी कधी आजारापेक्षा जास्त असतो. रुग्णाला वाटतं, आपल्याला कॅन्सर झाला. घरच्यांच्या मनात शक येतो. रुग्ण घरातली सून असेल तर बोलायलाच नको. कुणी तिचा टॉवेल वेगळा करतं, कुणी मुलांना तिच्या जवळ जाऊ देत नाही.

या एका ओळीवरून हे तिन्ही निष्कर्ष काढणं चूक आहे. त्वचेवर हा विषाणू शोधण्याचं काम शास्त्रज्ञ पन्नास वर्षांपासून करत आहेत आणि त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली आहे : विषाणू सापडणं वेगळं आणि विषाणूमुळे आजार होणं वेगळं. हा फरक कसा कळला, तपासणी नेमकी कशी होते आणि कोणत्या रुग्णांनी खरोखर सावध राहायला हवं, याची ही माहिती.

एचपीव्ही म्हणजे एक विषाणू नाही

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. नाव एकच असलं तरी हे एक मोठं खानदान आहे. आतापर्यंत याचे दोनशेहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत आणि त्यांना नावांऐवजी क्रमांक दिले आहेत. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन ठरवणारा एक जनुक असतो. एखाद्या नमुन्यात तो जनुक आधीच्या सगळ्या प्रकारांपेक्षा किमान १० टक्के वेगळा निघाला, तर त्याला नवा क्रमांक मिळतो.

हा विषाणू फारच लहान असतो. त्याचा व्यास सुमारे ५५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर अठरा हजार विषाणू ओळीने बसतील. त्याचा डीएनए गोल कड्यासारखा असून त्यात फक्त आठ हजारांच्या आसपास अक्षरजोड्या असतात. माणसाच्या डीएनएत त्या तीन अब्जांहून जास्त असतात.

या खानदानात पाच घराणी आहेत : अल्फा, बीटा, गॅमा, म्यू आणि न्यू. आपल्या कामापुरतं इतकं लक्षात ठेवावं :

• अल्फा घराण्यात १६ आणि १८ हे क्रमांक येतात. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाशी त्यांचा संबंध पक्का सिद्ध झाला आहे. पण हातापायावरच्या साध्या चामखिळी करणारे २, २७ आणि ५७ हे प्रकारही याच घराण्यातले. म्हणजे एकाच घरात गुन्हेगार आणि खोडकर पोर दोघंही आहेत.

• तळपायाच्या खोल, दुखऱ्या चामखिळी बऱ्याचदा क्रमांक १ मुळे होतात. तो म्यू घराण्यातला.

• बीटा आणि गॅमा घराण्यांतले बहुतेक प्रकार त्वचेवर राहतात आणि बहुतेक लोकांना त्यांचा पत्ताही लागत नाही. त्वचेच्या गाठीच्या रिपोर्टाचा जो घोळ होतो, तो मुख्यतः यांच्यामुळे.

म्हणून ‘एचपीव्ही आढळला’ एवढंच वाक्य अपुरं आहे. ‘रस्त्यावर शेख नावाचा माणूस दिसला’ असं सांगण्यासारखं ते आहे. कोणता शेख, कुठला, तिथे काय करत होता, हे कळल्याशिवाय त्याच्यावर इल्जाम लावता येत नाही.

विषाणू शोधतात कसा?

चामखीळ संसर्गाने होते, हे १९०७ मध्ये इटलीतल्या चुफो या डॉक्टरांनी दाखवलं. त्यांनी चामखिळीचा अर्क बारीक गाळणीतून गाळला. त्या गाळणीतून जिवाणू जात नाहीत. तरीही त्या अर्काने नवी चामखीळ उठली. पुढे १९४९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चामखिळीतले विषाणूचे कण प्रत्यक्ष दिसले.

त्यानंतरही अडचण होतीच. बरेच विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर वाढवता येतात, हा तसा वाढत नाही. त्याला त्वचेची पूर्ण इमारत लागते. तो सर्वांत खालच्या थरातल्या पेशीत शिरतो, पेशी जशी वर सरकते तसा तो वाढतो आणि सर्वांत वर, गळून पडणाऱ्या कातडीत, नवे विषाणू तयार होतात. म्हणून त्याला शोधायचं तर त्याचा डीएनएच शोधावा लागतो. यासाठी चार मुख्य रीती आहेत.

पहिली रीत जुळणीची. नमुन्यातला डीएनए वेगळा करून त्यावर विषाणूच्या डीएनएचा खुणा केलेला तुकडा सोडतात. जोडी जुळली तर विषाणू आहे. ही रीत भरवशाची आहे, पण नमुन्यात विषाणू भरपूर असेल तरच ती चालते.

दुसरी रीत पीसीआरची. हे नाव कोरोनाच्या काळात घराघरात पोहोचलं. यात डीएनएचा ठरावीक तुकडा दर फेरीला दुप्पट होतो. प्रत्येक फेरी पूर्ण उतरली तर तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे १०७ कोटी तुकडे होतात. एवढ्या ताकदीमुळे नमुन्यातला एखाद-दुसरा विषाणूही पकडता येतो. पण हीच ताकद अडचणीचीही ठरते. टेबलावरून, हातमोज्यावरून किंवा शेजारच्या नळीतून आलेला एक कणही ‘आढळला’ असा निकाल देऊ शकतो. शिवाय पीसीआर एवढंच सांगते की डीएनए आहे. तो जिवंत विषाणूचा की मेलेल्या, गाठीच्या आतला की वरच्या धुळीतला, हे ती सांगत नाही.

तिसरी रीत जागा दाखवणारी. गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन त्यावरच जुळणी करतात. मग विषाणू कोणत्या पेशीत बसला आहे ते सूक्ष्मदर्शकातून दिसतं. पीसीआरइतकी ती तीक्ष्ण नाही, पण पत्ता बरोबर सांगते.

चौथी रीत आरएनएची. डीएनए म्हणजे पुस्तक आणि आरएनए म्हणजे त्या पुस्तकातून वाचलेला धडा. पुस्तक कपाटात असलं म्हणून वर्गात ते शिकवलं गेलं, असं होत नाही. गाठीत विषाणूचा आरएनए सापडला, तर विषाणू तिथे खरोखर काम करतो आहे असं म्हणता येतं.

नमुना कशाचा घेतला, यावरही बरंच अवलंबून असतं. ओल्या कापसाच्या काडीने वरून पुसून घेतलेला नमुना, तीन-चार मिलिमीटरचा कापलेला तुकडा, भुवईचा मुळासकट उपटलेला केस, मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला जुना तुकडा, हे सगळे वेगवेगळी उत्तरं देतात. मेणाच्या ठोकळ्यात ठेवण्याआधी तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवतात. त्यात डीएनएचे बारीक तुकडे होतात, म्हणून जुन्या ठोकळ्यात विषाणू असूनही सापडत नाही, असंही होतं.

निरोगी त्वचेवर काय सापडलं?

नव्वदच्या दशकात पीसीआर सगळीकडे पोहोचली आणि संशोधकांनी त्वचेच्या कर्करोगाच्या गाठी तपासायला घेतल्या. गाठींमागून गाठींत विषाणू सापडू लागला. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांच्या काही अभ्यासांत तर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात गेलं. गर्भाशयाच्या मुखासारखंच इथेही विषाणू दोषी आहे, असं वाटणं साहजिक होतं.

मग काही जणांनी साधा प्रश्न विचारला : ज्यांना काहीच झालेलं नाही, त्यांच्या त्वचेवर काय आहे?

१९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी उपटलेले केस तपासले. मूत्रपिंड बदललेल्या सगळ्या २६ रुग्णांच्या केसांत विषाणू मिळाला. पण २२ निरोगी माणसांपैकीही ४५ टक्क्यांच्या केसांत तो होता. यातून दोन गोष्टी समजल्या. केसाचं मूळ हे या विषाणूचं राहण्याचं ठिकाण आहे आणि तो निरोगी माणसांतही राहतो.

पुढे स्वीडनमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या निरोगी लोकांच्या कपाळावरून नमुने घेतले. २००३ मध्ये आलेले आकडे असे : स्वीडनमध्ये ७० टक्के लोकांत विषाणू सापडला, बांगलादेशात ६८, जपानमध्ये ५४, इथिओपियात ५२ आणि झांबियात ४२ टक्के. वर्ण वेगळा, हवामान वेगळं, राहणी वेगळी, पण विषाणू सगळीकडे. जे प्रकार सापडले तेही एक-दोन नव्हते, ढीगभर वेगवेगळे होते.

याच गटाने तान्ह्या बाळांची त्वचाही तपासली. जन्मानंतर थोड्याच काळात बाळांच्या त्वचेवर हे विषाणू दिसू लागतात. नंतरच्या अभ्यासांत आढळलं की एका कुटुंबातल्या माणसांच्या अंगावर बरेचदा सारखेच बीटा प्रकार असतात. अम्मी-अब्बांच्या कुशीत, मांडीवर, गालाला गाल लावताना ते बाळाकडे येतात आणि वर्षानुवर्षं मुक्काम करतात.

ज्यांच्या घरात या एका ओळीवरून संशय शिरला आहे, त्यांनी हे नीट वाचावं. त्वचेवरचे हे प्रकार मिळायला चारित्र्याचा काहीही संबंध लागत नाही. चिमुकल्या बाळाच्या कपाळावर जो विषाणू सापडतो, त्याच्यावरून कुणा बाईवर किंवा पुरुषावर बोट दाखवणं हा सरळ सरळ जुलूम आहे.

गाठीच्या वर की गाठीच्या आत?

आता शास्त्रज्ञांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. सगळ्यांच्याच त्वचेवर विषाणू असेल, तर गाठीत सापडलेला विषाणू गाठीचा की वरच्या कातडीचा?

याचं उत्तर २००४ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दिलं, आणि रीत अगदी साधी होती. त्वचेच्या गाठी असलेले २२९ रुग्ण घेतले. आधी गाठीच्या पृष्ठभागावरून काडीने नमुना घेतला. मग चिकटपट्टी लावून आणि ओढून वरची कातडी काढून टाकली आणि त्यानंतर त्याच गाठीचा तुकडा कापला. वरून घेतलेल्या नमुन्यांत ६९ टक्के रुग्णांमध्ये विषाणू मिळाला. वरची कातडी काढल्यानंतरच्या तुकड्यांत तो फक्त १२ टक्क्यांत उरला.

म्हणजे आधीच्या बऱ्याच अभ्यासांत जो विषाणू ‘गाठीत’ सापडला होता, तो प्रत्यक्षात गाठीच्या डोक्यावर बसलेला असू शकतो. वर्गात चोरी झाली आणि दाराच्या कडीवर सगळ्या मुलांच्या बोटांचे ठसे मिळाले, म्हणून सगळा वर्ग चोर ठरत नाही. कपाटाच्या आत कुणाचे ठसे आहेत, ते बघावं लागतं.

संख्येचा पुरावाही त्याच दिशेने बोलतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात जवळजवळ प्रत्येक गाठीत विषाणू असतो. १९९९ च्या एका मोठ्या अभ्यासात हे प्रमाण ९९.७ टक्के निघालं. त्या गाठीच्या पेशींमध्ये विषाणूचे जनुक चालू स्थितीत असतात. साध्या त्वचेच्या कर्करोगात मात्र बीटा प्रकारांचा डीएनए मोजला, तर तो बहुतेक वेळा दर पेशीला एकही भरत नाही. कितीतरी पेशींमागे एखादा. उलट कर्करोगाआधीच्या, उन्हाने खरखरीत झालेल्या चट्ट्यांत तो कर्करोगापेक्षा जास्त मिळाला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्वचेच्या कर्करोगातला सगळा आरएनए वाचून काढला. त्यांना विषाणूचं काम चालू असल्याची खूण मिळाली नाही.

मग हा विषाणू निर्दोष आहे का?

सगळ्यांसाठी नाही. काही माणसांत तो खरोखर घातक ठरतो. त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं तर जीव जाऊ शकतो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

जन्मजात दोष असलेली मुलं. ‘एपिडर्मोडिस्प्लेझिया व्हेरुसिफॉर्मिस’ नावाचा एक दुर्मिळ आजार आहे. लेवांडोव्स्की आणि लुट्झ या डॉक्टरांनी १९२२ मध्ये त्याचं वर्णन केलं. लहानपणापासून अंगावर चपट्या चामखिळी आणि शिब्यांसारखे चट्टे उठतात. शिबं समजून वर्षानुवर्षं मलमं लावली जातात, पण चट्टे जात नाहीत. मोठेपणी, बहुतेक वेळा विशी ते चाळिशीत, निम्म्याच्या आसपास रुग्णांना उन्हाच्या जागी म्हणजे कपाळ, चेहरा आणि हातांवर कर्करोग होतो. वॉर्साच्या डॉक्टर स्टेफानिया याब्लोन्स्का आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे जेरार ऑर्थ यांनी सत्तरच्या दशकात या रुग्णांच्या त्वचेतले खास विषाणू ओळखले. त्यांच्या कर्करोगात क्रमांक ५ आणि ८ हे बीटा प्रकार भरपूर संख्येने आणि चालू स्थितीत मिळतात. २००२ मध्ये यामागचे दोन जनुकही सापडले.

हा आजार बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आला तर होतो. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. चाचा, फुफी, मामू, खाला यांच्या मुलांमध्ये रिश्ते होतात तिथे दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चारात एक शक्यता असते. हा दोष कुणाचा गुन्हा नाही. पण घरातल्या एका मुलाला हा आजार निघाला तर भावंडांनाही त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं आणि मुलाला लहानपणापासून उन्हापासून जपावं.

मूत्रपिंड किंवा दुसरा अवयव बदललेले रुग्ण. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते. गोऱ्या लोकांच्या देशांत अशा रुग्णांना त्वचेचा ‘स्क्वेमस’ कर्करोग होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी पट, काही अभ्यासांत शंभर पटींच्या आसपास आढळलं आहे. आपल्या सावळ्या त्वचेत हा धोका बराच कमी असतो, पण शून्य नसतो. यात विषाणूचा वाटा किती आणि उन्हाचा व औषधांचा किती, यावर अजून वाद आहे. ॲझाथायोप्रिन हे जुनं औषध तर त्वचा उन्हाला जास्त हळवी करतं. एचआयव्ही असलेल्यांनाही हीच काळजी लागू आहे.

नखाभोवतीच्या गाठी. बोटाच्या नखाखाली किंवा कडेला चामखिळीसारखं वाढलेलं, वर्षानुवर्षं न जाणारं मांस कधी कधी कर्करोग निघतो आणि त्यात बरेचदा क्रमांक १६ सापडतो. इथे प्रकार कोणता, याला खरोखर अर्थ आहे.

वाद कुठे येऊन थांबला आहे?

निरोगी माणसाच्या साध्या त्वचा-कर्करोगात बीटा प्रकारांचं काय काम, यावर दोन विचार समोरासमोर आहेत.

पहिला विचार असा की विषाणू सुरुवातीला मदत करून निघून जातो. उन्हातल्या अतिनील किरणांनी पेशीचा डीएनए तुटला, की पेशी तो दुरुस्त करते किंवा स्वतः मरते. बीटा प्रकारांची काही प्रथिनं या दोन्ही कामांत अडथळा आणतात. बिघडलेली पेशी जगते, पुढे तिची गाठ होते आणि नंतर विषाणूची गरजच राहत नाही. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनच्या संशोधकांनी क्रमांक ३८ चे जनुक घातलेल्या उंदरांवर हे दाखवलं. गाठ झाल्यावर ते जनुक काढून टाकले, तरी गाठ वाढतच राहिली.

दुसरा विचार नेमका उलटा. २०१९ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी उंदरांच्याच एका पॅपिलोमा विषाणूवर प्रयोग केले. ज्या उंदरांच्या शरीराने या विषाणूशी लढायला शिकून घेतलं होतं, त्यांना त्वचेचा कर्करोग कमी झाला. म्हणजे धोका विषाणूमुळे नाही, तर प्रतिकारशक्ती हरवल्यामुळे येतो, असं त्यांचं म्हणणं.

दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत आहे : त्वचेच्या कर्करोगाचं मोठं कारण ऊन आहे. विषाणूची भूमिका असलीच तर ती हाताखालच्या माणसाची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही हाच फरक पाळला आहे. १६ आणि १८ सह १२ अल्फा प्रकारांना तिने कर्करोग करणारे म्हणून जाहीर केलं आहे. ५ आणि ८ यांना फक्त ‘शक्यता आहे’ या गटात ठेवलं आहे, तेही वर सांगितलेल्या जन्मजात आजाराच्या रुग्णांपुरतं.

रिपोर्ट हातात आला की काय बघावं?

१. आधी पेशींचा निकाल वाचा. गाठ साधी की कर्करोगाची, हे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघून ठरतं, विषाणूच्या तपासणीने नाही. उपचारही त्यावरच ठरतात.

२. प्रकाराचा क्रमांक दिला आहे का, ते बघा. नसेल तर डॉक्टरांना विचारा.

३. तपासणी कोणत्या किटने झाली, तेही विचारा. बाजारातली बरीच किट गर्भाशयाच्या मुखासाठी बनवलेली असतात आणि चौदाच्या आसपास अल्फा प्रकारच शोधतात. त्वचेच्या गाठीवर असं किट ‘नाही’ म्हणालं, तरी बीटा प्रकारांबद्दल ते काहीच सांगत नाही.

४. नमुना वरून पुसलेला होता की आतला तुकडा, हे समजून घ्या.

५. ‘पी१६’ हा शब्द दिसला तर घाबरू नका. घशाच्या कर्करोगात तो एचपीव्हीची खूण मानतात. त्वचेत तो विषाणू नसतानाही दिसू शकतो.

६. साध्या त्वचेच्या गाठीसाठी ही तपासणी नेहमी करावीच लागते असं नाही. कुणी ‘पूर्ण एचपीव्ही पॅनेल करा’ म्हणून पैसे मागत असेल, तर ‘याने उपचार बदलणार आहेत का?’ एवढं नक्की विचारा.

७. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा असेल, तर फक्त रिपोर्टाचा कागद नेऊ नका. पहिल्या लॅबकडून मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. त्यावर पुन्हा तपासणी करता येते.

घरात काय एहतियात घ्यावी?

साध्या चामखिळी संसर्गाने पसरतात, हे खरं. पण त्यासाठी माणूस वेगळा काढायची गरज नाही. ताटवाटी, नमाजची चटई, बाळाला जवळ घेणं, यात काही अडवू नये. चामखीळ असलेल्याचा रेझर, नेलकटर आणि पाय घासायचा दगड तेवढा वेगळा ठेवावा. दाढीच्या जागेवर चामखीळ असेल तर त्यावरून वस्तरा फिरवू नये, एकाच्या दहा होतात. सार्वजनिक न्हाणीघरात आणि पोहण्याच्या तलावावर ओल्या फरशीवरून चालताना चप्पल घालावी.

चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं, चुना किंवा ॲसिड लावणं, कुरूप समजून ब्लेडने कापणं, हे सगळं बंद करावं. जखम पिकते आणि गाठ कर्करोगाची असेल तर निदानाला उशीर होतो. मधुमेह असलेल्यांनी पायाला हात लावण्याआधी डॉक्टर गाठावा. लहान मुलांच्या बहुतेक चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात.

खाटिकाचं काम करणाऱ्या आपल्या भावांसाठी एक खास गोष्ट. मांस आणि मासळी हाताळणाऱ्यांच्या हातांवर चामखिळी जास्त होतात आणि त्यात क्रमांक ७ बरेचदा सापडतो. इतर लोकांत तो क्वचित मिळतो. हा विषाणू जनावरातून येत नाही, माणसाचाच आहे. सतत ओले, थंड हात आणि सुरीचे बारीक काप त्याला वाट देतात, असं मानलं जातं. हातमोजे घालावेत, काप झाकून ठेवावेत. या चामखिळी धोक्याच्या नसतात आणि मांसातून गिऱ्हाइकाला कर्करोग होतो ही निव्वळ अफवा आहे.

काही खुणा दिसल्या तर मात्र विषाणूचा विचार बाजूला ठेवून थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठावा : महिन्याभरात न भरणारी जखम, पुन्हा पुन्हा रक्त येणारी गाठ, जुन्या भाजल्याच्या व्रणावर उठलेलं मांस, अचानक वाढू लागलेली किंवा कडक झालेली चामखीळ आणि एकाच नखाजवळचं हट्टी दुखणं. अवयव बदललेल्यांनी वर्षातून एकदा तरी सगळी त्वचा दाखवावी. झाकलेली जागा दाखवायला संकोच वाटत असेल तर महिला डॉक्टरची वेळ मागावी, पण तपासणी टाळू नये.

लसीचं काय?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्व्हाव्हॅक’ ही भारतीय लस २०२२ मध्ये जाहीर झाली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापासून मुलींना वाचवण्यासाठी ती मोलाची आहे आणि योग्य वयात जरूर घ्यावी. पण त्वचेवरच्या बीटा प्रकारांवर ती नाही. घरात कुणाच्या त्वचेच्या रिपोर्टात एचपीव्ही आला म्हणून सगळ्यांनी लस घेण्यासाठी पळावं, असं काही नाही. आणि त्वचेचा रिपोर्ट ‘नाही’ आला म्हणून मुलीची लस टाळावी, असंही नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विज्ञानाला हे कळायला पन्नास वर्षं आणि हजारो नमुने लागले. एखाद्या घरात रिपोर्टाच्या एका ओळीवर पाच मिनिटांत फैसला होऊ नये. ती ओळ वाचली की आधी डॉक्टरला विचारावं : कोणता प्रकार, कुठून घेतला आणि पेशी काय म्हणतात? उत्तर येईपर्यंत रुग्णाला धीर द्यावा. त्याच्यावर किंवा तिच्यावर शक घेऊ नये.